मधली सुट्टी संपत नाही



दहावीचा निकाल लागतो, दाखला हातात पडतो आणि मुलाला वाटते, सुटलो बुवा एकदाचे! आता बाक नाही, मॉनिटर नाही, मागून खोड्या काढणारा कोणी नाही. मग तो तलासरीहून उंबरगावला नाहीतर वापीला कारखान्यात जाऊ लागतो. बहीण डहाणूच्या एखाद्या फुग्यांच्या कारखान्यात लागते. दोन महिने जातात न जातात तोच दोघेही घरी येऊन सांगतात, "बाबा, तिथं तर शाळाच भरते की!" डबा कोणी कोणाजवळ बसून खायचा हे ठरलेले. वारली बोलणाऱ्यांचा घोळका वेगळा, गुजराती बोलणाऱ्यांचा वेगळा, लांबच्या मुलखातून आलेल्यांचा आणखी वेगळा. एकजण मुकादमाचा लाडका, एकजण चहाडखोर, एकाला टोपणनाव चिकटलेले आणि एकाशी सगळ्यांची कट्टी.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण तरी हसू नये. शिक्षकांच्या खोलीत कोणती खुर्ची कोणाची, हे नव्या मास्तरांना पहिल्याच दिवशी कळते!

तर मग माणसे मोठी होतच नाहीत की काय?

या प्रश्नाचा विचार जगात पुष्कळ झाला आहे. जेम्स कोलमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातील दहा हायस्कुलांचा अभ्यास करून १९६१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला दिसले ते असे, की मुलांच्या आपसातल्या जगात खरा मान खेळात चमकणाऱ्याला आणि चारचौघांत आवडत्या असलेल्याला. अभ्यासातल्या हुशारीचा नंबर त्यानंतर. शिक्षकांचे गुणपत्रक वेगळे आणि मुलांचे वेगळे.

आता त्याच राज्यातला एक कारखाना पाहू. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे साहित्य तयार होत असे. तिथे नोव्हेंबर १९३१ पासून मे १९३२ पर्यंत चौदा कामगारांना एका स्वतंत्र खोलीत बसवून त्यांचे वागणे टिपून ठेवले गेले. थोड्याच दिवसांत खोलीत दोन कंपू पडले, एक पुढचा आणि एक मागचा. पुढचे स्वतःला वरचढ समजत. खिडकी उघडी ठेवावी की लावावी यावरून भांडणे होत. फार भराभर काम करील त्याला चिडवत, फार कमी करील त्यालाही चिडवत, आणि वर जाऊन सांगेल तो तर वाळीतच पडे. रीत मोडणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे. सातवीच्या वर्गात चालते ते हुबेहूब!

पण इथे जरा थांबले पाहिजे. जास्त माल निघाला तर सगळ्यांनाच जास्त पैसे मिळायचे होते. मग ही माणसे भराभर काम करणाऱ्याचा हात का धरत होती? त्यांना धास्ती होती, की काम वाढलेले दिसले तर मालक दर उतरवील, नाहीतर माणसेच कमी करील. ते दिवस जागतिक मंदीचे होते. म्हणजे वरवर पाहता पोरखेळ, पण त्याच्या मुळाशी पोट.

शाळेत आणि कामावर फरक पडतो तो इथे. वर्गात कट्टी झाली तर मूल रडते आणि चार दिवसांनी बट्टी होते. कारखान्यात कट्टी झाली, तर नव्या माणसाला यंत्राची खुबी कोणी सांगत नाही, आणि बोट सापडते. पाळी कोणी बदलून देत नाही, आणि आजारी लेकराला दवाखान्यात न्यायचे राहते. शेवटी तो काम सोडतो आणि घरचे म्हणतात, पोरगा टिकत नाही.

साम्य कशामुळे येते? दोन्ही ठिकाणी माणसे आपल्या आवडीने जमलेली नसतात, कोणीतरी त्यांना एकत्र बसवलेले असते. दोन्हीकडे डोक्यावर कोणाची तरी नजर असते. आणि दोन्हीकडे जे बोलायला हवे ते उघड बोलता येत नाही. उघड बोलायची सोय नसली, की माणूस कोपऱ्यात कुजबुजतो. कुजबुजीतूनच कंपू होतो.

याचे उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी वारली शेतमजुरांची मोठी सभा भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तेथे होते. रोजाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. विचार करा, 'दर मोडायचा नाही' हा नियम हॉथॉर्नच्या खोलीतही होता आणि झरीतही होता. खोलीत तो चोरून पाळला गेला, म्हणून गुद्दा झाला. झरीला तो हजारोंच्या देखत बोलला गेला, म्हणून त्याची चळवळ झाली. एकट्याने ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हते, त्या वेठीला माणसे एकजुटीने 'नाही' म्हणाली.

दुसरा दाखला शिक्षणातला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येईनात. अनुताई वाघांनी आणि ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत, शाळाच कुरणात नेली. हीच कुरणशाळा. दोष माणसात शोधत बसण्याआधी त्याच्याभोवतीची घडी बदलून पाहावी, हे कोसबाडने दाखवून दिले.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे असे. दर महिन्याला बाकांची अदलाबदल करा. मॉनिटर पाळीपाळीने नेमा. शनिवारी अर्धा तास वर्गसभा घ्या आणि तक्रार तोंडावर, पण नीट शब्दांत, कशी मांडावी ते शिकवा. चहाडीला थारा देऊ नका आणि तक्रारीला अडवू नका. तुमच्या आश्रमशाळेतली पोर उद्या उंबरगावच्या फाटकातून आत जाईल, तेव्हा गणिताइतकीच ही शिदोरी तिच्या कामी येईल.

आणि कामावर जाणाऱ्या बंधुभगिनींनो, दराचे, पाळीचे, सुट्टीचे जे काही असेल ते चौघांत बसून बोला, आणि मग मुकादमाकडे चौघे मिळून जा. उद्या डबा उघडाल तेव्हा एवढेच पाहा, की आज एकटे कोण बसले आहे. त्याला हाक मारायला साहेबाची परवानगी लागत नाही.