चुन्याच्या निवळीतील नाट्य



शालेय विज्ञान-प्रदर्शनात सर्वाधिक गर्दी कोठे जमते, हे आपणांस ठाऊक आहे. मातीच्या डोंगरातून ठिणग्या उसळतात, नारिंगी भुकटीची हिरवी राख होते आणि मुले टाळ्या वाजवतात. परीक्षक या नात्याने अशा एका ज्वालामुखीला मीही पूर्वी पहिले पारितोषिक दिले होते. आज देणार नाही. ती भुकटी अमोनियम डायक्रोमेटची असते. तिच्यातील क्रोमियमचे रूप श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगास कारण होऊ शकते, आणि न जळलेले कण राखेबरोबर उडतात. मागाहून ती राख झाडतात तीही मुलेच!

याहून मोठे नाट्य पानाच्या डब्यातील चुन्यात आहे. थोडा चुना पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवावा. वरची निवळी अलगद काढून तीत तिप्पट पाणी मिसळावे. प्लास्टिकच्या बाटलीत खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र येताच जो वायू निघतो, तो रबरी नळीने निवळीत सोडावा. नळी मात्र कोठे चिमटू देऊ नये. वायू कोंडला तर बूच उडते. निवळी डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून ती शिक्षकानेच ओतावी आणि सर्वांनी चष्मे लावावेत.

निवळी दुधासारखी होते. बहुतेक शिक्षक येथेच थांबतात. वायू सोडीत राहिल्यास ते दूध पुन्हा नितळ होते! नुसते फुंकूनही हे साधते, असा समज आहे. परंतु उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार-पाच टक्के असतो. दाट निवळीत फुंकून मुले दमतात आणि न दिसलेले निरीक्षण वहीत उतरवतात.

पांढरे कण कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे. अधिक वायू मिळताच त्यांचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. आंध्र प्रदेशातील बोरा गुहा चुनखडीच्या खडकात अशाच विरघळण्याने कोरल्या गेल्या. झिरपत्या पाण्यातून वायू निसटला की चुनखडी परत साचून छताला स्तंभ लोंबू लागतात.

एका विद्यार्थिनीने मला विचारले, “फेसाबरोबर व्हिनेगरच नळीतून आले नसेल कशावरून? त्यानेही चुना विरघळेलच की!” शंका रास्त होती. आम्ही ते नितळ पाणी तापवले. व्हिनेगरचा प्रताप असता, तर ते नितळच राहिले असते. उकळी येता येता ते गढूळ झाले.