ठाणे की कल्याण-डोंबिवली? : संसाराच्या जमाखर्चाचा विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले आणि विषय आमच्यावरच सोपविला. आम्ही आयुष्यभर शाळेत अंकगणित शिकविले. तेव्हा थोर तत्त्वज्ञानाच्या वाटेस न जाता हिशेबाचाच एक विषय आपणांपुढे मांडावा, असे आम्ही ठरविले. आपल्या ज्ञातीतील मंडळी आम्हांस एक प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतात. गावाकडून नोकरीसाठी येणारा तरुण तो विचारतो, गिरगाव-परळची जागा सोडणारे कुटुंब विचारते, आणि परदेशी स्थायिक झालेला मुलगा आपल्या आईवडिलांसाठी विचारतो : ‘बिऱ्हाड कोठे करावे? ठाण्यात की कल्याण-डोंबिवलीत? स्वस्त कोणते पडेल?’

प्रश्न आजचा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली, आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणापर्यंत जाऊ लागली. मुंबईत पोट भरावयाचे आणि मुंबईबाहेर पाठ टेकावयाची, ही रीत या लोहमार्गानेच आपणांस लावली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची वस्ती सुमारे अठरा लाख व कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख भरली. यांतील कित्येक कुटुंबे आपल्याप्रमाणेच कोठून ना कोठून येऊन येथे रुजलेली आहेत.

आता हिशेबाकडे वळू. प्रथम जे दोहोंकडे सारखे आहे ते वजा करावे, म्हणजे उदाहरण सोपे होते. पूर्वी जकातीमुळे गावागावांतील मालाच्या भावात फरक पडे. जकात गेली, आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यामुळे तेल, साबण, साखर, औषध यांच्या छापील किमती ठाण्यास व डोंबिवलीस एकच. महावितरणचा विजेचा दर एकच. रिक्षाच्या मीटरचा दरही एकच. भाजीत थोडा फरक पडतो. कल्याणास कृषी उत्पन्न बाजार समितीचा मोठा बाजार असल्याने सकाळी लवकर उठणाऱ्या गृहिणीस तेथे चार पैसे वाचविता येतात. तथापि, केवळ भाजीसाठी कोणी गाव बदलीत नाही.

खरा फरक घराच्या भाड्यात किंवा किमतीत आहे. तेवढ्याच खोल्यांसाठी ठाण्यात अधिक पैसे मोजावे लागतात, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून बहुतेक जण येथेच हिशेब संपवितात आणि म्हणतात, डोंबिवली स्वस्त! आमच्या वर्गात एखाद्या मुलाने असे उदाहरण सोडविले असते, तर आम्ही त्यास अर्धेच गुण दिले असते.

कारण भाड्याच्या खाली आणखी तीन रकमा मांडावयाच्या राहतात.

पहिली रक्कम वेळेची. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या पासात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मिनिटांत. समजा, मुंबईस जाणाऱ्या माणसास ठाण्याऐवजी डोंबिवलीहून जाता वीस मिनिटे अधिक लागली. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे झाली. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर सोळा तास चाळीस मिनिटे; आणि वर्षाचे बरोबर २०० तास! घरात दोघे नोकरी करणारे असतील, तर ही संख्या दुप्पट करावी. शिवाय हे तास बसून वाचण्याचे नव्हेत, तर दाराशी लोंबकळण्याचे असतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि काहींना प्राणांस मुकावे लागले. वाचलेल्या भाड्याच्या रकमेशेजारी ही जोखीम कोणत्या आकड्याने लिहावी, हे आम्हांस गणितात सापडत नाही.

दुसरी रक्कम स्टेशनापासून घरापर्यंतची. ठाणे म्हणजे केवळ नौपाडा नव्हे. घोडबंदर रस्त्यावर दूरवर घर घेतले आणि स्टेशन दहा किलोमीटर राहिले, तर १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरास २६ रुपये व पुढे किलोमीटरास १७ रुपये १४ पैसे या हिशेबाने, रिक्षास एका खेपेचे सुमारे १७२ रुपये पडतात. बसने जावे तर पैसे वाचतात, पण वेळ जातो. याउलट डोंबिवलीत फडके रस्त्याच्या आसपास राहणारा गृहस्थ पायी स्टेशनास येतो. तेव्हा ठाण्याचा पत्ता असूनही मनुष्य गाडीपासून डोंबिवलीकरापेक्षा दूर असू शकतो.

तिसरी रक्कम सोसायटीच्या देखभालीची. मोठ्या संकुलात उद्वाहन, पहारेकरी, बाग, पोहण्याचा तलाव या सर्वांचा खर्च दरमहा वाटून घ्यावा लागतो. पोहणारा घरात कोणी नसला तरीही. जुन्या तीन मजली इमारतीत हा खर्च थोडा असतो, पण तेथे उद्वाहन नसते. तरुणास तो लाभ, वृद्धास ती शिक्षा.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका नवविवाहित जोडप्यास आम्हीच आग्रहाने डोंबिवलीत बिऱ्हाड करावयास लावले. भाड्यात दरमहा आठ हजारांची बचत आम्ही कागदावर दाखवून दिली. मुलाची नोकरी ऐरोलीस, म्हणजे ठाण्यास गाडी बदलणे आले. सूनबाईची नोकरी ठाण्यातच. पुढे मूल झाले. पाळणाघर सात वाजता बंद होई, आणि संध्याकाळच्या गर्दीत सात वाजेपर्यंत पोहोचणे तिला जमेना. सहा महिने तिने ओढाताण केली आणि शेवटी नोकरी सोडली. वाचलेले भाडे आठ हजार. गेलेला पगार पस्तीस हजार. आमचा हिशेब अंकांनी बरोबर होता, पण उदाहरणच आम्ही अर्धे मांडले होते. ‘काका, तुम्ही आमच्या भल्यासाठीच सांगितलेत,’ असे ती म्हणते. तिने आम्हांस कधी दोष दिला नाही. परंतु ती भेटली की नजर आम्हीच चुकवितो.

यावरून ठाणेच बरे, असा अर्थ कोणी काढू नये. जो अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूस कामास जातो, ज्याचे काम घरी बसून चालते, किंवा जो सेवानिवृत्त आहे, त्याने ठाण्याचे भाडे का भरावे? मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यापासून, स्वतःचे वाहन असणाऱ्यास डोंबिवलीहून ठाण्यास जाणेही सुलभ झाले आहे. मनाच्या करमणुकीचे म्हणाल, तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून अल्प वर्गणीत वाचकांची भूक भागवीत आले आहे. त्या बाबतीत कोणतेही गाव उणे नाही.

परदेशी असलेल्या आमच्या मुलांस एक विनंती. आपण डॉलरात भागाकार करून पाहता आणि येथील सर्वच स्वस्त आहे असे समजता. आईवडील मात्र रुपयांत व पावलांत जगतात. त्यांच्यासाठी घर पाहताना दवाखाना किती पावलांवर आहे, उद्वाहन आहे की नाही, पाणी रोज येते की नाही, आणि हाक मारल्यास ओ देणारे शेजारी आहेत की नाहीत, हे पाहावे. वीस वर्षांच्या ओळखीचे शेजार सोडून त्यांस सुंदर संकुलात एकटे ठेवणे, हा सर्वांत महाग सौदा होय.

भाड्याने राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याप्रमाणे करार लेखी असावा लागतो व त्याची नोंदणी करावी लागते, आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तोंडी वचनावर अनामत रक्कम देऊ नये. घर विकत घेणाऱ्यांनी ते घरातील स्त्रीच्या नावे घेण्याचा विचार अवश्य करावा. १ एप्रिल २०२१ पासून अशा निवासी खरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि त्या सवलतीहून मोठे असे स्थैर्य तिला लाभते.

शेवटी एक अप्रिय गोष्ट सांगतो. वधूवर मेळाव्यात ‘मुलाचे घर ठाण्यात आहे काय?’ हा प्रश्न आम्ही आमच्या कानांनी ऐकला आहे. ‘डोंबिवली’ असे उत्तर येताच वही मिटलेलीही पाहिली आहे. या एका प्रश्नापायी आपल्यातील काही तरुण न झेपणारे कर्ज डोक्यावर घेतात आणि वीस-वीस वर्षे हप्ते फेडीत बसतात. ज्या मुलीचे हित पाहण्यासाठी तो प्रश्न विचारला, तीच मुलगी पुढे ते हप्ते फेडू लागते! आमची मंडळास सूचना आहे की, मेळाव्याच्या अर्जात घर कोठे आहे हे विचारावे, पण त्याखाली कर्ज किती व दोघांच्या नोकरीची ठिकाणे कोणती, हेही विचारावे. म्हणजे उदाहरण पूर्ण मांडले जाईल.

तात्पर्य, स्वस्त गाव व महाग गाव असे काही नसते. घरातील प्रत्येक माणूस सकाळी कोठे जातो आणि संध्याकाळी किती शिल्लक राहून परत येतो, यावर स्वस्ताई ठरते. तो हिशेब नवराबायकोने एका कागदावर, एकत्र बसून करावा. आमच्यासारख्या काकांनी त्यांच्यासाठी करू नये.