कॅप्टनच्या चेहऱ्यावर ओरखडे होते का?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रकात ‘लहानपणी पाहिलेल्या विज्ञानमालिका’ असा विषय वाचून काहीजणींनी मला चहाच्या वेळी विचारलं, की दोन दिवस आपण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर बोलतोय, त्यात हे अंतराळयान मध्येच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका भागात, खरं म्हणजे त्यातल्या तीन-चार मिनिटांच्या एका प्रसंगात आहे, म्हणून थेट तिकडेच वळते.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका. 1966 ते 1969 या काळात तिथल्या एनबीसीवर तिचे 79 भाग झाले. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, इंग्रजीतच. माझ्या वयाच्या ज्या आहेत त्यांना आठवत असेल. निम्मं कळायचं नाही. पण आपोआप सरकणारी दारं, स्पॉकचे टोकदार कान आणि इथे विरघळलेला माणूस तिथे उभा करणारं ते यंत्र, एवढ्यावर आम्ही खूश होतो. आमच्याकडचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे उहुराचा गणवेश लाल आहे हे मला आत्ता, पुन्हा सगळी मालिका पाहायला घेतली तेव्हा कळलं.

तर तो भाग. ‘द एनिमी विदिन’, म्हणजे आतला शत्रू. 6 ऑक्टोबर 1966 रोजी दाखवला गेला. यंत्रात बिघाड होतो आणि कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात, एक सौम्य आणि एक हिंस्र. लहानपणी मला एवढंच आठवत होतं, दोन कॅप्टन. हिंस्र कर्क काय करतो ते मात्र डोक्यात राहिलेलं नव्हतं. तो जॅनिस रँड या मुलीच्या खोलीत जाऊन थांबतो आणि ती आत आल्यावर तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो. ही रँड म्हणजे कॅप्टनची सहायक. त्याची कागदपत्रं सांभाळायची, सही घ्यायची, जेवण आणून द्यायचं. आपल्या ऑफिसांत साहेबांची स्टेनो असायची तसंच. ती प्रतिकार करते, त्याच्या चेहऱ्यावर ओरखडे काढते, दारापर्यंत पोचून बाहेरून जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याला हाक मारते.

आता पुढचं नीट ऐका. तिची तक्रार घेतली जाते ती यानाच्या दवाखान्यात. समोर कोण? डॉक्टर, उपकप्तान स्पॉक आणि स्वतः कॅप्टन. सौम्य कर्क, म्हणजे ज्याला यातलं काही ठाऊक नाही तो. पण रँडच्या दृष्टीने तोच तो माणूस. तीन पुरुष, त्यातला एक आरोपी, आणि बाकीचे दोघे त्याचे मित्र. यानावर 430 माणसं आहेत, पण तिच्या शेजारी बसायला एकही बाई बोलावलेली नाही. ती रडत सांगते, की मी कॅप्टन आहे, तुला हुकूम देऊ शकतो, असं तो म्हणाला. आणि हेही सांगते, की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी याचा उल्लेखसुद्धा केला नसता. त्यावर कर्क म्हणतो, माझ्या चेहऱ्याकडे बघ, ओरखडे आहेत का? ती बघते. नाहीत. ती गोंधळते. तेवढ्यात तो मार खाल्लेला कर्मचारी येऊन सांगतो की होय, तुम्हीच होता. मग स्पॉकची तर्कबुद्धी चालू लागते आणि यानावर दुसरा कोणीतरी आहे असा निष्कर्ष निघतो.

म्हणजे तिचं म्हणणं वजनदार झालं ते पुरुषाच्या साक्षीने.

ओरखड्यांपाशी मी चित्र थांबवलं. कारण हा प्रश्न आपल्या चळवळीने दुसरीकडे ऐकलेला आहे. मथुरा ही आदिवासी मुलगी. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली त्यांना सोडलं, आणि सोडताना तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या हे एक कारण दिलं. तिथे तिच्या अंगावर खुणा शोधल्या, इथे त्याच्या चेहऱ्यावर. ठाणेदाराची खुर्ची असो नाहीतर कॅप्टनची, त्या खुर्चीमुळे बाईचा आवाज कसा घशातच राहतो याची नोंद कुठल्याच पुराव्यात होत नाही. चार कायदेतज्ज्ञांनी 1979 साली खुलं पत्र लिहिलं, 1980 मध्ये बायका रस्त्यावर आल्या, 1983 साली कायदा बदलला, आणि कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला असेल तर ‘माझी संमती नव्हती’ हे बाईचं म्हणणं कोर्टाने आधी धरून चालायचं असं ठरलं. आमच्या घरी रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं ते यानंतर थोड्याच वर्षांनी. एका घरात एकाच वेळी किती गोष्टी एकमेकींना न भेटता नांदतात पाहा.

भागाचा शेवट तर मला पुन्हा पाहावा लागला, ऐकलं ते बरोबर ना, म्हणून. दोन्ही कर्क एक होतात. कथेचं तात्पर्य असं, की सौम्य कर्कला निर्णय घेता येत नव्हते, नेतृत्व करायला तो हिंस्र अर्धा भागही लागतो. रँड कॅप्टनजवळ येऊन काहीतरी समजुतीचं बोलू पाहते, तो आभार मानून तिला वाटेला लावतो. आणि मग स्पॉक तिला विचारतो, त्या तोतयात काही मजेदार गुण होते, नाही का? मालिकेतला सगळ्यात विवेकी माणूस हा. लहानपणी मी ज्याची भक्त होते तो. ऑफिसात असा विनोद ऐकून मान खाली घालून फायली चाळलेल्या किती तरी जणी या खोलीत बसल्या असतील.

कोणी म्हणेल, साठच्या दशकातली गोष्ट, कशाला उकरता? पण ती साठच्या दशकाची म्हणून लिहिलेली नव्हती, तेविसाव्या शतकाची म्हणून लिहिली होती. प्रकाशाच्या वेगापुढे जाणारं यान त्यांना सुचलं. तक्रार ऐकायला आरोपीला बसवू नये, हे सुचलं नाही. आपल्याकडे तेवढी गोष्ट कागदावर यायला भंवरीदेवींवर 1992 साली अत्याचार व्हावा लागला, 1997 चा विशाखा निकाल यावा लागला, 2013 चा कायदा व्हावा लागला. समितीची अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, एक सदस्य बाहेरची. ही कलमं तुम्हाला पाठ आहेत. ती कशासाठी आहेत हे समजावताना मला तो दवाखाना फार उपयोगी पडतो.

मालिका टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मला ती आजही आवडते. आणि तिच्यामागे बायका होत्या. ज्या डेसिलू कंपनीने ती काढली ती ल्युसिल बॉल या अभिनेत्रीच्या हातात होती. कथाविभाग सांभाळणारी डी. सी. फाँटाना म्हणजे डोरोथी. सुरुवात सेक्रेटरी म्हणून केलेली; बाईचं नाव पाहून लेखन बाजूला पडू नये म्हणून आद्याक्षरं लावायची. पहिल्या नमुना-भागात तर यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाईच होती आणि तिच्या अंगात पँट होती. वाहिनीने तो भाग नाकारला. बाई नको म्हणून, असं निर्माते रॉडनबेरी सांगत. त्यांचेच सहकारी पुढे वेगळी कारणं देत. झालं एवढं, की तीच अभिनेत्री, मॅजेल बॅरेट, मालिकेत नर्स होऊन परतली. आखूड स्कर्टात.

उहुरा झालेली निशेल निकोल्स सांगायची, की पहिल्या वर्षानंतर ती काम सोडणार होती, मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं. काळ्या बाईला असं, अधिकाऱ्याच्या जागी, टीव्हीवर कोणी दाखवलं नव्हतं. संवाद तिला थोडेच मिळाले. पण 1977 साली ‘नासा’साठी बायकांना आणि काळ्या तरुणांना अर्ज करा म्हणून हाक देत ती फिरली, आणि 1978 च्या तुकडीत 35 जणांत 6 बायका निवडल्या गेल्या. 1992 साली अंतराळात गेलेली मे जेमिसन ही पहिली काळी अमेरिकन बाई उहुराचं नाव घेते. निकोल्स 2022 साली गेली.

हा भाग मी दोन-तीन गटांत दाखवला आहे. दवाखान्याच्या प्रसंगात थांबायचं आणि विचारायचं, या खोलीत कोण असायला हवं होतं? भाषेची अडचण येत नाही, मी मराठीत सांगत जाते. एका गटात सगळी चर्चा झाल्यावर मागे बसलेली, एका कारखान्यातून आलेली बाई म्हणाली, ‘ताई, ते समजलं. पण त्या रँडचं पुढे काय झालं?’

तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. रँड पहिल्याच वर्षी काही भागांनंतर मालिकेतून गायब होते, का ते कथेत कोणी सांगत नाही. ती भूमिका करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनीने 1998 साली आत्मचरित्र लिहिलं. स्पॉकच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दलचा संताप त्यात आहे. आणि त्या काळात मालिकेशी संबंधित एका वरिष्ठाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्याला कामावरून काढलं, असंही तिने लिहिलं आहे. त्या माणसाचं नाव तिने घेतलं नाही. व्हिटनी 2015 साली वारली.