घरोघरी शुभंकर हवेत



हिमायतनगरात कोणाला ताप आला तर शेजारीपाजारी विचारपूस करतात. मन आजारी पडले की मात्र घराचे दार लावून घेतले जाते. सोयरिकीत अडथळा येईल या धास्तीने आजार लपविला जातो आणि उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात.

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा मेंदूच्या कार्याशी निगडित आजार आहे. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे ठाम वाटणे, अबोला व निरुत्साह ही त्याची लक्षणे होत. तो आळस नव्हे, संस्कारांची उणीवही नव्हे. ‘पूर्वकर्माचे फळ’ म्हणून हात झटकणे हे कर्मसिद्धान्ताचे आकलन नाही; त्यात पुरुषार्थालाही स्थान आहे आणि औषधोपचार हा पुरुषार्थच होय.

मूळचे धुळ्याचे, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणात हे दुःख जवळून अनुभवले. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा विषय मराठी घरांत नेला. महाराष्ट्रातील या चळवळीत रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याला सांभाळणाऱ्या आप्तास ‘शुभंकर’ म्हणतात.

शुभंकराची वाणी महत्त्वाची असते. सतत टीका, तिरस्कार किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे लंडनमधील जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासात आढळले. म्हणून टोमणे नकोत. भासांवर वाद नको आणि त्यांना होकारही नको. ‘तुला भीती वाटते आहे, आम्ही जवळ आहोत’ एवढे पुरेसे असते. डॉक्टरांना विचारल्याविना औषध बंद करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. शुभंकरही थकतो, त्याला विसावा मिळावा म्हणून नातलगांनी पाळी वाटून घ्यावी.

अंतरंग तपांत वैयावृत्त्याची गणना होते. त्या सेवाभावाने सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने अशा कुटुंबांची मासिक बैठक सुरू करावी. तेथे बोललेले तेथेच राहावे.

पर्युषणात सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. घरातील अबोल जीव त्यातून वगळला जाऊ नये.

जय जिनेंद्र!