इंटरनेटचे पत्ते आणि नवी मालगुजारी



जबलपूरच्या गोरखपूर बाजारातून ग्वारीघाटाकडे निघालं, की खांबाखांबांवर इंटरनेटच्या काळ्या तारांची जुडगी लोंबताना दिसतात. अशा भागात शे-दोनशे घरांना कनेक्शन द्यायला निघालेल्या एखाद्या लहान व्यावसायिकाला आज तार मिळते, यंत्रंही मिळतात. गाडं अडतं ते पत्त्यांपाशी. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक. आपण मागितलेली माहिती कोणाकडे पोचवायची, हे त्या क्रमांकावरून ठरतं. आणि जुन्या पद्धतीचे हे क्रमांक संपले आहेत.

1981 साली त्यांचा साचा ठरला तेव्हा सगळे मिळून सुमारे 429 कोटी क्रमांक निघत होते. तेवढे पुरून उरतील असं वाटल्यामुळे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीसारख्या एकेका संस्थेला 1 कोटी 67 लाखांचा अख्खा गठ्ठा दिला गेला. आज एकट्या भारताची लोकसंख्याच 140 कोटींच्या वर आहे. 3 फेब्रुवारी 2011 रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले. आपला भाग येतो ब्रिस्बेनच्या एपनिक या संस्थेकडे. तिचा खुला साठा त्याच वर्षीच्या 15 एप्रिलला आटला, आणि उरलेल्या शेवटच्या गठ्ठ्यावर रेशन लागू झालं. 103 या आकड्यानं सुरू होणारे पत्ते त्या गठ्ठ्यातले. आज नव्या सदस्याच्या वाट्याला त्यातून फार तर 512 येतात.

याहून जास्त लागले तर? विकत घ्यावे लागतात. दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल कंपनीचे साडेसहा लाखांहून अधिक पत्ते मायक्रोसॉफ्टनं 2011 मध्ये 75 लाख डॉलरना घेतले, म्हणजे एकेक सव्वाअकरा डॉलरला. दहा वर्षांनी हाच भाव पन्नास डॉलरच्या पुढे गेला. नंतर तो उतरला, तरी लहान व्यावसायिकाच्या आवाक्यात आलेला नाही. मग उरतं भाडं. पत्त्यामागे महिन्याला साधारण अर्धा डॉलर किंवा त्याहून थोडं कमी. ज्याच्या हाती भांडवल नाही त्याला हे सोयीचं आहे, ही गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. भाड्यावर सरसकट बंदी घातली, तर पहिला घाव त्याच्यावरच बसेल.

पण या सोयीची दुसरी बाजू फार गंभीर आहे. नोंदणी संस्थेच्या नोंदवहीत नाव मालकाचं असतं, वापरणारा भलताच असतो. आधीच्या भाडेकरूनं त्या पत्त्यावरून फसव्या ईमेलींचा मारा केलेला असला, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो, आणि पुढे तो घेणाऱ्या गल्लीतल्या माणसाची ईमेल वाटेतच अडवली जाते, का ते त्याला कळतही नाही. सायबर गुन्ह्याचा तपास करणारा पोलीस नोंदवही उघडतो, तर तिथे परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीचं नाव. पत्ते कमी असल्यामुळे एकेका पत्त्यामागे आधीच कित्येक घरं बसवलेली असतात. एकाच्या कृत्याचा त्रास सगळ्यांना होतो.

2022 साली एपनिकच्या धोरणसभेत एक प्रस्ताव आला: पत्ते भाड्यानं देणं अमान्य आहे, असं नियमात स्पष्ट लिहा. त्यावर एकाहून अधिक सभांत वाद झाला, एकमत झालं नाही. विरोध करणारे म्हणाले, नोंदणी संस्थेनं नोंद ठेवावी, लोकांच्या व्यवहारात डोकावू नये. तिकडे मॉरिशसमधल्या आफ्रिनिक या आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेत हाच वाद कोर्टात पोचला. सेशेल्समध्ये नोंदलेल्या एका कंपनीनं 2013 ते 2016 या काळात सुमारे 62 लाख पत्ते घेतले होते, आणि त्यांतले पुष्कळ आफ्रिकेबाहेरच्या ग्राहकांकडे वापरात होते. संस्थेनं ते परत घेण्याचा प्रयत्न करताच खटले उभे राहिले. 2021 मध्ये संस्थेची बँकखाती गोठली, 2023 मध्ये तिचा कारभार पाहायला कोर्टानं रिसीव्हर नेमला, आणि नवं संचालक मंडळ निवडून यायला सप्टेंबर 2025 उजाडला. ज्या खंडाला पत्त्यांची सर्वांत जास्त निकड, त्याचीच संस्था एवढा काळ पंगू होऊन पडली.

मध्यप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाला हे सारं ओळखीचं वाटेल. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा मक्त्यानं गोळा करणारे होते. ते सारा गोळा करणारे होते, जमिनीचे धनी नव्हते. इंग्रजांनी 1860 नंतरच्या बंदोबस्तात अशा मालगुजारांना मालकी हक्कच देऊन टाकला. तो मोडायला 1950 चा कायदा लागला, आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. पत्त्यांच्या बाबतीत आपण त्या बंदोबस्ताच्या दाराशी उभे आहोत, असं मला मनापासून वाटतं. गरज दाखवून वापरासाठी मिळालेली गोष्ट गरज सरल्यावर हातात धरून ठेवायची आणि तिच्यावर भाडं खायचं, याला एकदा हक्क म्हणून मान्यता मिळाली, की ती परत घेणं महाकठीण.

खरा उपाय नव्या, 128 बिटांच्या पत्त्यांचा आहे. ते जवळजवळ अमर्याद आहेत. जिओनं 2016 मध्ये मोठ्या प्रमाणावर ते वापरात आणले, आणि आज देशातले बहुसंख्य मोबाइल त्यांवर चालतात. पण अनेक संकेतस्थळं अजून फक्त जुन्याच पत्त्यांवर आहेत, म्हणून जुन्यांची गरज आणखी काही वर्षं राहणारच.

एपनिकची धोरणसभा वर्षातून दोनदा भरते. सदस्य नसलेल्यालाही घरबसल्या तिथे बोलता येतं, आणि निर्णय मतं मोजून होत नाही, हरकतींचं निरसन करून होतो. गोरखपुरात कनेक्शन देणाऱ्यानं तिथे जाऊन दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, भाड्याचा पत्ता प्रत्यक्ष कोण वापरतं, ते नोंदवहीत लिहिलं जावं. दुसरी, 103 च्या रेशनमधून मिळालेले पत्ते पाच वर्षं दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, तशी ते भाड्यानं देण्यावरही मनाई असावी. वापरात नसतील तर ते साठ्यात परत यावेत आणि रांगेतल्या पुढच्याला मिळावेत.