साडेसहा हजारांचा फोन नक्की कुणासाठी होता?

आजचा भाग सोलापुरातूनच रेकॉर्ड करतोय. मधेच रिक्षाचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या, खिडकी बंद केली तर या उकाड्यात मीच बंद पडेन.

नवीन फोन दर आठवड्याला येतात. स्टेजवर कुणीतरी चालत येतो, मागे मोठी स्क्रीन, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चार्जिंग किती मिनिटांत. ते सगळं तुम्ही यूट्यूबवर माझ्यापेक्षा जास्त बघता. म्हणून आज मी असा एक फोन घेतलाय, जो आता फारसा कुणाला आठवतही नाही. जिओफोन नेक्स्ट. २०२१ चा. तो आला तेव्हा मी नवी पेठेत एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर होतो, त्यामुळे त्याच्याबद्दल लोक काय विचारायचे ते मला चांगलं माहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. २४ जून २०२१ ला रिलायन्सची वार्षिक सभा झाली, कोरोनाचे दिवस म्हणून ऑनलाइन. मुकेश अंबानी म्हणाले की देशात अजून जवळपास ३० कोटी लोक टूजी फोनवर अडकलेत, त्यांच्यासाठी आम्ही गूगलसोबत स्मार्टफोन बनवलाय. सुंदर पिचाईसुद्धा व्हिडिओवर आले. मुहूर्त जाहीर झाला गणेश चतुर्थीचा, १० सप्टेंबर. किंमत मात्र सांगितली नाही. आणि मंडळी, आपल्याकडे किंमत सांगितली नाही की लोक स्वतःच ठरवतात. कुणी म्हणे दोन हजार, कुणी म्हणे तीन. "ते पंधराशेवाल्यासारखाच असणार की बे," हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. पंधराशेवाला म्हणजे २०१७ चा बटणांचा जिओफोन, ज्याचे १,५०० रुपये अनामत म्हणून घेतले होते.

गणपती आले, फोन आला नाही. आदल्या दिवशी कंपनीने सांगितलं की अजून चाचण्या चालू आहेत, जगभर चिपचा तुटवडा आहे, दिवाळीपर्यंत आणतो. तुटवडा खरा होता बरं का. त्या वर्षी मोटारीसुद्धा चिपसाठी अडून राहिल्या होत्या. २९ ऑक्टोबरला किंमत कळली: ६,४९९ रुपये. ४ नोव्हेंबरला, दिवाळीत, विक्री सुरू.

आता इथे जरा थांबू, कारण डिझाइनची खरी गंमत इथे आहे. आपल्याला वाटतं की इंजिनिअर आधी फोन बनवतात आणि मग त्याची किंमत ठरते. स्वस्त फोनच्या बाबतीत उलटं असतं. आधी किंमत ठरते, मग तेवढ्यात काय काय बसतं ते बघतात. फोनमधल्या महागड्या गोष्टी मोजक्याच: डिस्प्ले, प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, बॅटरी. एकीकडे दोनशे रुपये वाढवले की दुसरीकडे कापावे लागतात. या फोनमध्ये त्यांनी काय निवडलं बघा. ५.४५ इंची एचडी प्लस डिस्प्ले, वर गोरिला ग्लास ३. क्वालकॉमचा क्यूएम-२१५ प्रोसेसर, चार कोअर, १.३ गिगाहर्ट्झ. दोन जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. मागे १३ मेगापिक्सेल, पुढे ८. बॅटरी ३,५०० एमएएच, आणि ती काढता येणारी! चार्जिंगचं तोंड जुनं, मायक्रो यूएसबी.

तुमच्यातले अर्धे आता हसले असतील. मायक्रो यूएसबी, २०२१ मध्ये! पण विचार करा, ज्या घरात हा फोन जाणार होता तिथे चार्जर कुठला होता? जुना, मायक्रो यूएसबीचाच. आणि बॅटरी फुगली तर दुकानात यायचं, मागचं झाकण नखाने उघडायचं, नवी टाकायची, दोन मिनिटांत मोकळं. आज पंचवीस हजारांच्या फोनची बॅटरी बदलायची तर हीट गन लावून पाठ सोडवावी लागते. त्यामुळे काढता येणारी बॅटरी ठेवली हा निर्णय मला आजही आवडतो.

जिथे पैसा घालता येत नव्हता तिथे सॉफ्टवेअरने काम भागवायचं, असा एकूण डाव होता. प्रगती ओएस म्हणजे अँड्रॉइडची हलकी, गो आवृत्ती, कमी रॅमवर चालावी म्हणून केलेली. त्यात दोन गोष्टी खास होत्या. स्क्रीनवर जे काही लिहिलेलं आहे ते फोन मोठ्याने वाचून दाखवणार, आणि स्क्रीनवरच्या मजकुराचं दहा भारतीय भाषांत भाषांतर करून देणार. मेसेज असो, वेबसाइट असो, कुणी पाठवलेला फोटो असो.

मला विचाराल तर अख्ख्या फोनमध्ये सगळ्यात डोकं लावलेली गोष्ट हीच. आणि ती तपासायला सोलापूरसारखं गाव नाही. आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू, गिरणी-कारखान्यात मराठी. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मोहल्ल्यात दखनी, वाचायला उर्दू, म्हणजे उजवीकडून डावीकडे. आणि शाळेतल्या पोरांना मराठी किंवा इंग्लिश. एकाच घरात एक फोन चार जण वापरतात आणि चौघांची भाषा वेगळी. फोन सुरू करताना पहिल्याच स्क्रीनवर तो विचारतो, "भाषा निवडा". एकच! घराची भाषा एकच असते, असं त्या स्क्रीनने गृहीत धरलेलं असतं.

हा प्रश्न आधीच मनावर घेतला होता तो मुंबईतल्या पोरांनी, हे फार जणांना माहीत नाही. राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांचे साथीदार, आयआयटी मुंबईचे. त्यांनी इंडस ओएस बनवली, आधी तिचं नाव फर्स्टटच होतं. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ मध्ये आली. कीबोर्डवर बोट सरकवलं की लिहिलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत किंवा दुसऱ्या लिपीत बदलायचं. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फोरजीशिवाय फोन कुणी हातात धरेना, चिनी कंपन्या स्वस्तात फोरजी घेऊन उतरल्या आणि भारतीय ब्रँड मागे पडले. इंडसची मंडळी ओएसवरून ॲप स्टोअरकडे वळली, पुढे फोनपेने कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झालं. कल्पना जगली, फोन नाही जगला.

भाषेवरून एक आडवळण घेतोच. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत हा फरकच नाही. युनिकोडमध्ये त्या ऱ ला वेगळी जागा आहे, पण बऱ्याच कीबोर्डवर तो मिळवायला र दाबून धरावा लागतो. कुणी सांगतच नाही! मग लोक 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' करून मोकळे. ल आणि श चं मराठी वळणही हिंदीपेक्षा वेगळं, तरी फोनवर बहुतेकदा हिंदी वळणच दिसतं. "मराठी सपोर्ट आहे" असं खोक्यावर छापणं आणि फोन मराठी असणं, यात एवढं अंतर आहे.

बरं, परत काउंटरवर येऊ. ६,४९९ ऐकल्यावर लोकांचा चेहरा पडायचा. कारण वर्षभर आधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, रेडमी ९ए ६,७९९ ला आला होता. तेवढीच रॅम, तेवढंच स्टोरेज, पण स्क्रीन साडेसहा इंची आणि बॅटरी ५,००० एमएएच. तीनशे रुपयांचा फरक. त्यात जिओफोन नेक्स्टमध्ये दोन सिम बसायची, पण इंटरनेट फक्त जिओचं. गिऱ्हाईक अडाणी नसतं हो. ज्याच्याकडे पैसे कमी तो जास्त चौकशी करतो.

मग हप्त्याची योजना. १,९९९ आधी भरा, ५०१ प्रोसेसिंग फी, आणि महिन्याला ३०० पासून ६०० पर्यंत, १८ किंवा २४ महिने. सगळ्यात लहान हप्त्याचा हिशोब मी तेव्हा खोक्याच्या मागे पेनाने करून दाखवायचो. १,९९९ आणि ५०१ मिळून २,५००. तीनशेचे चोवीस हप्ते म्हणजे ७,२००. एकूण ९,७००. रोखीपेक्षा ३,२०१ जास्त, म्हणजे महिन्याला साधारण १३३ रुपये. त्यात दर महिन्याला पाच जीबी डेटा आणि शंभर मिनिटं बोलणं होतं. खरं सांगायचं तर हिशोब वाईट नव्हता. पण ज्यांचं घर आठवड्याच्या पगारावर चालतं, त्यांना दोन वर्षांचा वायदा नको असतो. हातात पैसे असतील तेव्हा रिचार्ज मारायचा, नसतील तेव्हा नुसते फोन घ्यायचे, ही त्यांची पद्धत. हप्त्यात ती सोय नाही.

एक अक्का यायच्या, कुंभारीच्या विडी घरकुलातून. हप्त्याचं ऐकून म्हणाल्या, "बाळा, पाऊस पडला, पान ओलं आलं, तर काम बंद. त्या महिन्याला तुझी कंपनी थांबते का?" मी काय सांगणार? त्यांनी सेकंडहँड फोन नेला.

त्यांच्याकडूनच मला फिंगरप्रिंटचं कळलं. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं विड्या वळल्या की बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजतात. सेन्सर त्या रेषांचे चढ-उतार मोजतो. रेषाच पुसट झाल्या तर तो काय मोजणार? लाँचच्या वेळी 'पापणी लवायच्या आत अनलॉक' दाखवतात ना, ते बोट ऑफिसात बसणाऱ्याचं असतं. आणि हे काही शौकाचं राहिलेलं नाही. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म नारीशक्ती दूत ॲपवर भरायचे होते, ओटीपी फोनवर येणार, महिन्याचे १,५०० रुपये त्यावर अवलंबून. फोन उघडला नाही, मेसेज वाचता आला नाही, की शेजारच्या पोराच्या हातात फोन द्यायचा आणि त्यालाच ओटीपी सांगायचा. आता या बाईला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विकायचे? तिला स्क्रीन वाचून दाखवणारं ते बटण हवं होतं. आणि तेच बटण दाखवायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. खोक्यावर रॅम आणि स्टोरेजच मोठ्या अक्षरात.

दुसरी गोष्ट ऊन. ॲपल स्वतः सांगते की आयफोन वापरायला शून्य ते ३५ अंश तापमान योग्य. आपल्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा जातो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग हळू करतो, उजेड कमी करतो. म्हणजे नेमकं भर उन्हात स्क्रीन दिसत नाही! उन्हाळ्यात दुकानात येणाऱ्या तक्रारींतली मोठी तक्रार हीच: "चार्ज होईना." फोन चांगला असायचा. पंख्याखाली ठेवला की व्हायचा चार्ज.

पुढे काय झालं? मे २०२२ मध्ये कोणताही चालू फोरजी फोन देऊन जिओफोन नेक्स्ट ४,४९९ ला मिळायला लागला. आणि जुलै २०२३ मध्ये त्याच कंपनीने जिओभारत आणला. बटणांचा, फोरजी, किंमत ९९९, रिचार्ज २८ दिवसांचा १२३ रुपयांना, यूपीआय आतच. मला ही माघार वाटली नाही. टचस्क्रीन म्हणजेच प्रगती, हा हट्ट सोडला एवढंच. बटण दाबल्याचं बोटाला कळतं, झिजलेल्या बोटालाही.

लाँचचा विषय निघालाच आहे तर फ्रीडम २५१ पण आठवा. फेब्रुवारी २०१६, २५१ रुपयांत स्मार्टफोन! बुकिंग उघडताच वेबसाइट बसली. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर ॲडकॉम कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं होतं, ते खरवडून निघालं. तिथे लाँच होतं, फोनच नव्हता. जिओफोन नेक्स्टचं तसं नाही. फोन खरा होता, श्रीपेरंबुदूर आणि तिरुपतीच्या कारखान्यांत बनत होता. त्याचा मुहूर्त गणपतीला ठरला, किंमत दिवाळीला ठरली, आणि गिऱ्हाईक कोण ते ठरायचं राहून गेलं, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा माझ्याशी.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात जुना फोन आईला किंवा आजीला दिला असेल ना, तो आज हातात घ्या. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, स्क्रीन वाचून दाखवण्याची सोय बहुतेक अँड्रॉइडमध्ये असते, ती चालू करा. अक्षर मोठं करा. फिंगरप्रिंट घेत नसेल तर तेच बोट दोनदा नोंदवा, अंगठ्याची बाजू घेऊन बघा. भाषा कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांच्याच भाषेत एकदा सांगा.

त्या काय म्हणाल्या ते व्हॉइस नोटवर पाठवा, तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत, कशातही. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. चला, लाइट जायच्या आत हे अपलोड करतो.