वेल्सच्या डोंगरात चार रात्री

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज कृषी पर्यटनावर बोलायला सांगितले आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये त्याचे धोरण काढले, तेव्हापासून दर बैठकीत कोणीतरी उठून विचारतो, 'आखाड्यावर दोन खोल्या बांधल्या तर पुण्या-मुंबईचे पाहुणे येतील का?' मी काही त्यातला जाणकार नाही. पण एका शेतकऱ्याच्या वावरात पैसे मोजून चार रात्री झोपलो आहे, ती हकीकत सांगतो. पुढचे तुम्ही ठरवा.

माझी लेक आणि जावई कार्डिफला असतात. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगरी मुलूख. भाषा वेगळी, विधिमंडळ वेगळे, राजा मात्र एकच. माणसे ३१ लाखांच्या घरात आणि मेंढ्या, कोकरे धरून, ९० लाखांच्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही दोघे तिकडे होतो. नातवाला शाळेची सुट्टी होती. जावई म्हणाले, 'हॉटेलात कशाला, एका शेतकऱ्याच्या डोंगरावर तंबू ठोकू.' मी म्हटले, जन्मभर आखाड्यावर झोपलो, आता विमानाने येऊन पुन्हा वावरातच झोपायचे? आमची मंडळी पोट धरून हसली.

जागा सापडणे हेच अर्धे काम होते. कार्डिफहून ए-४७० या रस्त्याने उत्तरेला निघालो आणि दिनास मौद्वी नावाच्या गावाच्या पुढे मुख्य रस्ता सोडला. मोबाइलमधली बाई वाट सांगत होती. एका ठिकाणी ती म्हणाली, 'तुम्ही पोहोचलात.' बघतो तर डावीकडे बांध, उजवीकडे ओढा आणि समोर तीन मेंढ्या. तिकडे डोंगरातल्या एकाच पिनकोडात लांब लांब विखुरलेली कितीतरी घरे येतात. आपल्या पिनकोडावर तरी कोणाचा आखाडा सापडतो? मग रेंजही गेली. रस्ता आपल्या पाणंदीएवढा, मधोमध गवत उगवलेले, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा जावयांनी फर्लांगभर गाडी उलटी नेली.

शेतकऱ्याने आधीच दोन अक्षरे आणि सहा आकडे लिहून पाठवले होते. जावयांनी वाटेत पेट्रोल पंपावर कागदी नकाशा घेतला होता, सरकारी मोजणी खात्याचा, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर शेताच्या भिंतीसुद्धा काढलेल्या असतात. सहा आकड्यांनी शंभर मीटरच्या चौकोनात नेऊन सोडले. आपला गटाचा नकाशा तलाठ्याच्या कपाटात असतो, तो पेट्रोल पंपावर मिळाला असता तर बांधाची निम्मी भांडणे कोर्टात गेली नसती, असे माझ्या मनात आले.

इथे एक आडवळण घेतो. आपल्या देशाच्या मोजणीचा मोठा अधिकारी विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये मोजणीच्या कामावर असतानाच वारला. कुठे? आपल्या कपाशीच्या हिंगणघाटला. त्याच्यानंतर ते काम ज्याच्याकडे आले, तो जॉर्ज एव्हरेस्ट. पुढे त्याचेच नाव हिमालयातल्या शिखराला दिले. त्याच्या घराण्याची मिळकत वेल्समधल्या क्रिकहॉवेल गावाजवळ होती. तेव्हा नकाशाचे आणि आपले नाते जुने आहे. फक्त नकाशा आपल्या हातात आला नाही.

तीन फाटके उघडून-लावून वर गेलो. फाटकाचा नियम एकच: उघडे असेल तर उघडे ठेवा, लावलेले असेल तर लावा. ते काम नातवाकडे होते. वाटेच्या तोंडाशी अंड्यांची पेटी आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. राखण कोणाची नाही.

मालक साठीचा. चार चाकांच्या मोटारसायकलवर दोन कुत्री घेऊन आला. मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाला, 'काय.' मी लेकीला विचारले, 'काय म्हणतात?' ती म्हणाली, 'काय म्हणतात.' बराच वेळ हा घोळ चालला. वेल्श भाषेत 'काय' म्हणजे शेत! पुढे त्याने नळ दाखवला आणि म्हणाला, 'दूर.' नळ तर तंबूपासून वीस पावलांवर होता. त्यांच्या भाषेत पाण्यालाच 'दूर' म्हणतात. मायबहिणींनो, तो शब्द खरे तर आपल्याकडे पाहिजे होता.

सोय म्हणाल तर तेवढीच. एक नळ, जुन्या गोठ्यात दोन संडास आणि अंघोळीला गरम पाणी. उतारावर सपाट जागा मोजक्याच. तंबूची पाठ नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे करा, ओढ्याजवळ ठोकू नका, डोके चढाकडे ठेवून झोपा, हे त्यानेच सांगितले. खुंटी वीतभर जाते आणि दगडाला लागते. पाऊस त्या डोंगरात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर. तरी गवताशिवाय काही पिकत नाही, कारण जमीन आंबट, थंड आणि पाणी धरून बसणारी. पाणी असले म्हणजे शेती झाली, हा माझा समज तिथे गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तो चहाला आला. मी विचारले, लोकरीचे किती सुटतात? त्याने हिशेब मांडला. डोंगरी मेंढीची लोकर दीड किलोच्या आतबाहेर, तिचे अर्धा पौंड आले तर आले. कातरणारा मेंढीमागे पावणेदोन पौंड घेतो. आमच्या तंबूचे एका रात्रीचे चाळीस पौंड होते. म्हणजे ८० मेंढ्यांची लोकर विकून जे येते, ते आम्ही त्याच्या गवतावर एक रात्र झोपून देत होतो. आणि त्या ८० मेंढ्या कातरायला १४० पौंड वेगळे. २०२० मध्ये भाव इतके पडले होते की कित्येकांनी लोकर जाळून टाकली. मेंढी पोसायची ती कोकराच्या मांसासाठी, आणि तेही सरकारी अनुदानाच्या टेकूवर. डोंगरी शेतकऱ्याला कित्येक वर्षी वर्षाच्या नफ्याहून अनुदानच मोठे असते. ते काढले की शिल्लक शून्याच्या खाली.

मग सगळे वावर तंबूंनाच का देत नाहीस? तो म्हणाला, तसे करता येत नाही. वर्षात २८ दिवस परवानगीशिवाय तंबू चालतात, त्यापुढे नियोजन खात्याकडे अर्ज. त्याचे शेत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे अर्ज उद्यानवाल्यांकडेच. तिकडे २००० सालच्या कायद्याने उघड्या डोंगरावर कोणीही पायी फिरू शकतो, पण मुक्कामाला मालकाची परवानगी लागते. त्या परवानगीचेच तो पैसे घेतो.

रोज संध्याकाळी मी वरच्या भिंतीपर्यंत चढत असे, कारण रेंज तिथेच. घरी धाकट्याला फोन लावायचा. तुम्हाला तो ऑगस्ट आठवत असेल. १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. पोरगा म्हणायचा, 'बाबा, वीस दिवस झाले, थेंब नाही. पातेगळ सुरू झाली.' आणि मी अंगावर पाऊस झेलत उभा. पावसाचा राग येण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

मालकाने एकदा तिथेच गाठले. भिंतीपलीकडे उघडा डोंगर, कुंपण नाही. मी विचारले, मेंढ्या दुसऱ्याच्या हद्दीत जात नाहीत? तेव्हा त्याने 'कनेविन' हा शब्द सांगितला. मेंढी आपला डोंगर ओळखते, आणि ती ओळख आई पिलाला देते. कळप विकला तर नवा कळप आणून ठेवता येत नाही, तो भटकतो. २००१ मध्ये लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा ब्रिटनमध्ये ६० लाखांहून अधिक जनावरे मारली. ब्रेकन बीकन्सच्या डोंगरातले असे मुरलेले कळप गेले. भरपाई जनावराची मिळाली, त्या ओळखीची कशी मिळणार? त्या वर्षी डोंगरवाटाही बंद होत्या, त्यामुळे तंबूवालेही नाहीत.

त्याआधीचे तर विलक्षणच. १९८६ च्या एप्रिलमध्ये तिकडे रशियाच्या राज्यात चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली. आठवड्याभरात तो ढग वेल्सच्या डोंगरांवर आला आणि पाऊस पडला. सिझियम त्या आंबट मातीतून गवतात, गवतातून मेंढीत. सरकार म्हणाले, तीन आठवडे विक्री बंद. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. २६ वर्षे मेंढी यंत्राने तपासल्याशिवाय बाजारात जात नव्हती. ज्यांनी भट्टी पाहिली नाही, तिची वीज वापरली नाही, त्यांच्या डोंगरावर.

आम्ही परतल्यावर मार्च २०२४ मध्ये जावयांनी एक फोटो पाठवला. कार्डिफच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर चिखलाच्या बुटांचे ५,५०० जोड. युरोपातून बाहेर पडल्यावर तिथल्या सरकारने नवी अनुदान योजना आणली होती. दहा टक्के जमीन झाडांखाली ठेवा, ही त्यातली अट. योजनेने शेतीतली तेवढी कामे जातील, असा सरकारच्याच अभ्यासाचा आकडा होता. एक काम, एक जोड. त्याच वर्षी ती अट मागे घ्यावी लागली.

आता तुमच्या दोन खोल्यांचे. त्या माणसाला बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टर दोन-अडीच तासांवर आहेत. उन्हाळ्यात तिथे सुटी आणि गारवा एकदम येतो. आपल्याकडे सुटी येते तेव्हा ४४ अंश असते. त्याने खोल्या बांधायला कर्ज काढले नव्हते. होते ते गवत, होता तो गोठा आणि एक नळ. ज्याच्याकडे रस्ता आणि पाणी आहे, त्याने जरूर करून पाहावे. पण सोसायटीचे थकलेले असताना त्यावर दुसरे कर्ज काढून करू नये. मी त्याला विचारले होते, तंबूवर भागते का? तो म्हणाला, 'घर चालते. मेंढ्या चालत नाहीत.' मुलगा राहील का, हेही विचारले. त्यावर तो कुत्र्याशी बोलायला लागला.

चौथी रात्र सगळी पावसात गेली. सकाळी ओला तंबू गाडीत कोंबला आणि पैसे द्यायला गेलो. त्याने तीनच रात्रींचे घेतले. म्हणाला, 'काल रात्रभर पाऊस होता, त्याचे पैसे कसे घेऊ?' आमच्या मंडळींनी लेकीकरवी सांगितले, 'आमच्याकडे असती तर त्या रात्रीचे जास्त पडले असते.' तो ऐकेना. खाली उतरताना हिने गाडी थांबवायला लावली आणि चाळीस पौंड अंड्यांच्या डब्यात टाकले.